दोन 'माद्या' आणि एक वजनाची वही: लहान प्राणी दुकानातून आणावा की निवारा केंद्रातून?

ससा, गिनी पिग किंवा हॅमस्टर घरी आणायचा हे ज्यांचे ठरले आहे आणि तो कोठून आणायचा एवढाच प्रश्न उरला आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. पिंजरा ऐसपैस हवा, सुके गवत चोवीस तास समोर हवे, गिनी पिग एकटा ठेवू नये आणि हॅमस्टर दुकटा ठेवू नये, एवढी माहिती वाचकाला आहे असे धरून चालतो. मी दोन्ही वाटांनी प्राणी आणले आहेत. पहिले दोन गिनी पिग दुकानातून आणले आणि काही वर्षांनी एक निवारा केंद्रातून दत्तक घेतला. तीन प्राण्यांच्या अनुभवावरून सर्व दुकानांचा आणि सर्व केंद्रांचा निवाडा करणे योग्य नाही, हे मला मान्य आहे. तरीही काही गोष्टी दुकानाच्या रचनेतच असतात आणि त्या एका दुकानापुरत्या नसतात, असे माझे मत बनले आहे.

दुकानाच्या बाजूने बोलायचे तर सर्वांत मोठी सोय म्हणजे निर्णय आणि प्राणी यांच्यामध्ये कोणी उभे राहत नाही. आपण जातो, पाहतो, बोट दाखवतो आणि अर्ध्या तासात खोका हातात घेऊन बाहेर पडतो. पिल्लू लहान असते, त्यामुळे ते आपल्या हातात वाढते, आणि ज्यांच्या घरी मुले आहेत त्यांना याचे मोल अधिक वाटते. निवारा केंद्रात याच्या नेमके उलट घडते. तेथे आधी अर्ज भरावा लागतो, पिंजऱ्याची मापे आणि छायाचित्रे पाठवावी लागतात, आपण गावाला गेल्यावर प्राण्याकडे कोण पाहणार याचे उत्तर द्यावे लागते, आणि एवढे करूनही हवा तसा प्राणी त्या वेळी तेथे असेलच याची खात्री नसते. माझा पिंजरा लहान आहे असे मला पहिल्याच दूरध्वनीत सांगण्यात आले. ज्या पिंजऱ्यात मी काही वर्षे प्राणी सांभाळले होते, त्याला एका अनोळखी बाईंनी तीन वाक्यांत नापास केले, याचा मला त्या दिवशी राग आला होता हे कबूल केले पाहिजे. पिंजरा मात्र मी बदलला.

आरोग्याचा मुद्दा सहसा पहिला मांडला जातो, पण त्यावर मी फार थांबणार नाही, कारण आजारी प्राणी दोन्हीकडे भेटू शकतो. दुकानातील अडचण अशी की तेथे निरनिराळ्या ठिकाणांहून आलेली, आईपासून नुकतीच तोडलेली, प्रवासाने दमलेली पिल्ले एका जागी येतात, आणि हॅमस्टरच्या पिल्लांमधील ते कुप्रसिद्ध जुलाब, गिनी पिगची खरूज, माणसालाही होणारा नायटा यांना याहून सोयीची जागा मिळणे कठीण. सशांच्या नाकात निमूट वास करणारे बोर्डेटेला हे जिवाणू गिनी पिगला न्यूमोनिया देऊ शकतात, आणि तरीही दोघांना एकाच कप्प्यात ठेवलेले मी पाहिले आहे. बरे केंद्र नव्या प्राण्याला दोन-तीन आठवडे वेगळे ठेवते. दुकानाला ते परवडत नाही, कारण प्राणी जितके दिवस विकला जात नाही तितके दिवस तो नुसता खर्च असतो.

आता ज्या गोष्टीने माझ्यापुरता निकाल लावला तिच्याकडे येतो. ती क्रूरतेची गोष्ट नाही. त्या दुकानातील पिंजरे स्वच्छ होते, पाण्याच्या बाटल्या भरलेल्या होत्या आणि काउंटरवरचा मुलगा प्राण्यांना प्रेमाने हाताळत होता. मी दोन माद्या मागितल्या. त्याने एकामागून एक दोन पिल्ले उचलली, पोटाकडून क्षणभर पाहिली आणि म्हणाला, "दादा, दोन्ही माद्याच आहेत, निश्चिंत राहा." वय विचारले तेव्हा "दीड-दोन महिने असेल" असे उत्तर मिळाले. ती कोठून आली हे विचारल्यावर त्याने मागच्या दाराकडे हात केला, जणू ती त्या दारातूनच जन्मली असावीत.

दहाव्या आठवड्यात एका सकाळी गवताच्या ढिगात काहीतरी वेगळ्या रंगाचे हलताना दिसले. तीन पिल्ले होती, अंगावर पूर्ण केस, डोळे उघडे, एकाच्या पाठीवर अजून ओल होती, आणि त्यांतले सर्वांत मोठे आईच्या शेजारी उभे राहून गवताची काडी चघळण्याचा प्रयत्न करीत होते. गिनी पिगची पिल्ले अशीच, जवळपास तयार होऊन, जन्माला येतात. त्यासाठीच त्यांचा गर्भकाळ ५९ ते ७२ दिवसांचा, म्हणजे त्या आकाराच्या प्राण्याच्या मानाने फार लांब असतो. घरात आनंदीआनंद झाला. दोन 'माद्यां'पैकी एक नर होता हे उघड झाले, त्यावर आम्ही हसलो, आणि त्या हसण्यात जे दोन दिवस गेले तेच आम्हाला भोवले. मादी व्यायल्यानंतर काही तासांतच पुन्हा माजावर येते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. पशुवैद्यांकडे गेलो तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो नर वेगळा केला का हा, आणि माझे उत्तर ऐकून त्यांनी दिनदर्शिकेकडे पाहिले.

दुसरे वेत ठरल्याप्रमाणे आले. त्यात चार पिल्ले होती आणि एक मेलेले होते. पहिल्या पिल्लांना दूध पाजता पाजताच दुसऱ्यांदा गाभण राहिलेली ती मादी इतकी उतरली की तिच्या पाठीचा कणा बोटांना लागत होता. गिनी पिगलाही माणसाप्रमाणे क जीवनसत्त्व शरीरात तयार करता येत नाही, ते रोजच्या खाण्यातूनच मिळावे लागते, आणि गाभणपणी त्याची गरज कितीतरी वाढते. पण गाभण आहे हेच माहीत नसलेल्या मादीला पहिल्या खेपेस मी जास्तीचे काय देणार होतो? ती वाचली, याचे श्रेय पशुवैद्यांना आहे. जिवंत असलेली तीन आणि आधीची तीन धरून घरात आता आठ प्राणी झाले होते, आणि नर पिल्ले तीन आठवड्यांची झाली की तीही वेगळी करावी लागतात, नाहीतर आई आणि बहिणी दोन्ही धोक्यात येतात, हे नवे गणित सुरू झाले.

मी निवारा केंद्राच्या पायरीवर प्रथम चढलो तो असा, प्राणी घेण्यासाठी नव्हे तर देण्यासाठी. माझ्या मते हीच या तुलनेतील सर्वांत बोलकी बाब आहे. त्या केंद्रात जे प्राणी होते त्यांतले बरेचसे माझ्यासारख्याच घरांतून, माझ्यासारख्याच गोंधळातून आलेले होते. म्हणजे दुकान आणि केंद्र हे दोन वेगळे झरे नाहीत. एकाचे पाणी वाहून दुसऱ्यात जमा होते. तेथील बाईंनी माझी टोपली टेबलावर घेतली, प्रत्येक पिल्लू एका हातावर पाठीवर टेकवले, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने जननेंद्रियाच्या किंचित वर हलका दाब दिला आणि मला वाकून पाहायला सांगितले. मादी असेल तर इंग्रजी वाय अक्षरासारखी चीर दिसते, नर असेल तर त्या दाबाने आतले लिंग बाहेर येते. सर्व प्राण्यांना मिळून दहा मिनिटेही लागली नाहीत. मी मोठ्या काळजीने वेगळ्या केलेल्या 'माद्यां'मध्ये आणखी एक नर निघाला.

दहा मिनिटांचे हे काम दुकानात का होत नाही, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. त्या मुलाला दोष द्यावासा मला वाटत नाही. त्याला कोणी शिकवले नसावे, आणि त्याच्या जागी कोणीही असता तर गिऱ्हाइकासमोर "मला ठाऊक नाही" म्हणणे त्याला जडच गेले असते. मूळ गोष्ट अशी की चूक झाली तर तिचा भार दुकानावर पडत नाही. पिल्ले माझ्या घरी जन्मली, औषधांचा खर्च मी केला, जागा केंद्राने दिली, आणि अंगावरचे मांस त्या मादीने घालवले. हॅमस्टरच्या बाबतीत हेच अधिक वेगाने घडते, कारण त्याचा गर्भकाळ जेमतेम सोळा दिवसांचा. सशाचा सुमारे एकतीस. ज्याला अंदाज चुकल्याची किंमत मोजावी लागत नाही, तो अंदाजावरच चालतो.

येथे एक प्रामाणिक आक्षेप येतो आणि तो मी स्वतःवरही घेतला आहे. दुकानातील प्राण्याचीही दया यायला नको का? कोपऱ्यात अंग फुगवून बसलेले, डोळे अर्धवट मिटलेले पिल्लू पाहून त्याला तेथून सोडवावेसे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. परंतु आपण पैसे मोजून ते पिल्लू बाहेर काढले की दुकानाच्या हिशेबात ते 'सुटलेले' नसते, 'विकलेले' असते, आणि त्या रिकाम्या जागेवर पुढच्या खेपेतले दुसरे येते. त्या एका पिल्लाचे भले होते यात शंका नाही. पुढच्याचे काय, हे ज्याचे त्याने ठरवावे.

काही ठिकाणी कायद्यानेच या दोन वाटा जोडून टाकल्या आहेत. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०१९ पासून पाळीव प्राण्यांच्या दुकानांना कुत्री, मांजरे आणि ससे केवळ निवारा केंद्रे वा बचाव संस्था यांच्याकडूनच घेऊन विकता येत होते, आणि २०२१ पासून तर ते विकताच येत नाहीत, केंद्रांना आणि संस्थांना त्यांचे प्राणी दत्तक देण्यासाठी जागा तेवढी देता येते. ससा त्या यादीत आहे याचे मला बरे वाटते. गिनी पिग आणि हॅमस्टर नाहीत, याचे तितकेच वाईट. जेथे असा नियम आहे तेथे 'दुकान की केंद्र' हा प्रश्न सशापुरता बराच बोथट होतो.

घरी पैदास करणाऱ्या हौशी माणसांकडून घेण्याची तिसरी वाटही आहे. मी ती वापरलेली नाही, म्हणून तिच्याविषयी एवढेच म्हणतो की जो माणूस आई-बाप दोन्ही प्राणी दाखवतो आणि जन्मतारीख सांगतो, तो निदान मागच्या दाराकडे हात करीत नाही.

काही वर्षांनी ती मादी म्हातारपणाने गेली आणि आम्ही ठेवून घेतलेली तिची मुलगी एकटी पडली. गिनी पिगला सोबत लागते. स्वित्झर्लंडमध्ये तर २००८ च्या नियमांनुसार त्याला एकटा ठेवणे चालत नाही. या वेळी दोन्ही वाटा मला माहीत होत्या. दुकानातून पिल्लू आणले असते तर एव्हाना म्हातारी झालेल्या त्या मुलीला त्याचा धिंगाणा सोसवला नसता, आणि ती गेल्यावर ते पिल्लू एकटे पडून पुन्हा नवे आणावे लागले असते. ही साखळी संपत नाही. केंद्राने चार वर्षांचा, नसबंदी केलेला नर सुचवला. त्याच्या कागदावर नसबंदीची तारीख होती आणि तिच्यापुढे सहा आठवड्यांनंतरची दुसरी तारीख होती, कारण नसबंदीनंतरही काही आठवडे नरापासून गर्भ राहू शकतो आणि तोवर त्याला माद्यांपासून दूर ठेवतात. त्या दुसऱ्या तारखेकडे मी जरा जास्त वेळ पाहत राहिलो असेन, कारण बाईंनी विचारले, "काही चुकले आहे का?"

कागदासोबत एक छोटी वही मिळाली. तिच्यात अकरा आठवड्यांची वजने ग्रॅममध्ये लिहिलेली होती. सातव्या आठवड्यात आकडा एकदम खाली आला होता आणि शेजारी वेगळ्या अक्षरात 'डावी दाढ वाढली, घासून घेतली' अशी नोंद होती. नवव्या आठवड्यात वजन पूर्ववत झाले होते. हे प्राणी आजार शेवटपर्यंत लपवतात, म्हणून दर आठवड्याचे वजन हीच त्यांची बोली असते. दुकानातून आणलेल्या दोघांचे पहिले वजन मी केले ते पिल्ले झाल्यानंतर.

निवारा केंद्र निवडताना डोळे मिटून जाऊ नये, कारण दाटी झालेली, नोंदी नसलेली केंद्रेही असतात, आणि ती दुकानापेक्षा बरी असतीलच असे नाही. नर आणि माद्या वेगळ्या आहेत का आणि वजनाची वही आहे का, एवढे दोन प्रश्न मी विचारीन. जवळपास केंद्रच नसेल आणि दुकानातच जाणे भाग असेल, तर प्राणी पाठीवर धरून नर की मादी हे समोर दाखवायला सांगावे, आणि दाखवता आले नाही तर त्याच दिवशी पशुवैद्यांकडून पाहून घ्यावे. सर्व वयाचे प्राणी एकाच कप्प्यात होते असे दिसले, तर घरी आणलेली गिनी पिग मादी गाभण आहे असे धरून तिला क जीवनसत्त्व असलेला ताजा हिरवा पाला रोज द्यावा, नर जोडीला असेल तर आधीच वेगळा करावा, आणि आणल्या दिवसापासून बहात्तर दिवस मोजावेत.