बॅटरीवरचं जुनं पत्र्याचं इंजिन: किंमत ठरवण्याआधी सेलचं झाकण उघडा

जुनी बॅटरीवरची आगगाडी विकायला आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘चालते का?’ आमच्या मते हा प्रश्न तिसरा असायला हवा. बंद पडलेली मोटर बहुतेक वेळा तासा-दोन तासांत चालू होते. गळक्या सेलने खाल्लेला पत्रा आणि घासून गेलेली छपाई मात्र परत येत नाही, आणि खरी किंमत याच दोन गोष्टींत असते.

इथे परीक्षण आहे ते १९५० आणि १९६० च्या दशकांतल्या जपानी पत्र्याच्या इंजिनांचं. दोन मोठे डी साइजचे सेल, म्हणजे ३ व्होल्ट, पुढे दिवा, आत शिट्टी किंवा घंटा आणि काही नमुन्यांत धुरांड्यातून धूर. याला रूळ लागत नाहीत. पोटाखाली फिरत्या चकतीवर एक लहान चालकचाक असतं. इंजिन भिंतीला थडकलं की चकती फिरते, चाकाचं तोंड बदलतं आणि इंजिन दुसऱ्या दिशेला निघतं. बाजूची मोठी चाकं बरीचशी दिखाऊ असतात. इतक्या कमी भागांत इतकं सुंदर काम करणारी यंत्रणा खेळण्यांत क्वचितच सापडते.

आता सेलचा कप्पा. झाकण उघडून टॉर्चच्या उजेडात टोकाची स्प्रिंग आणि पितळी पट्टी बघा. हलकी हिरवट झाक असेल तर घाबरू नका, ती निघते. पांढरा खरखरीत थर हा बहुधा अल्कलाइन सेलचा. इअरबडला, म्हणजे कान साफ करायच्या कापसाच्या काडीला, व्हिनेगर लावून तो पुसायचा. त्या काळातले साधे जस्त-कार्बनचे सेल गळले की आम्लधर्मी चिखल सोडतात, त्याला पाण्यात कालवलेला खाण्याचा सोडा लागतो. दोन्हींनंतर ओल्या बडने पुसून कप्पा पूर्ण कोरडा करा. द्रव बाहेरच्या छपाईवर किंवा कागदी लेबलवर जाऊ देऊ नका. मग टाचणीच्या बोथट टोकाने कप्प्याच्या तळाचा पत्रा हलकेच दाबा. तो दबला किंवा तपकिरी पापुद्रे सुटले, तर गंज आरपार गेलेला आहे. असं इंजिन सुटे भाग काढण्यापुरतंच घ्यावं. स्प्रिंग बदलता येते, नव्या पट्टीला डाख देता येतो. तळ बदलता येत नाही.

दुसरी तपासणी छपाईची. या इंजिनांवरचे पट्टे, खिळ्यांच्या रांगा, खिडक्यांतले चेहरे, सगळं सपाट पत्र्यावर आधी छापलेलं असतं. पत्रा नंतर ठशात दाबून वळवतात. म्हणून ओरखड्यावर ब्रशने लावलेला रंग लगेच उठून दिसतो. भिंगातून पाहिलं तर छपाईची कड सरळ आणि रंग पत्र्याशी सपाट असतो, ब्रशचा रंग मात्र फुगीर दिसतो. असं रंगकाम केलेलं इंजिन आम्ही प्रामाणिक ओरखडे असलेल्या इंजिनापेक्षा कमी लेखतो. पुढच्या बंपरच्या कडा घासलेल्या असणारच, ते खेळणं धडकण्यासाठीच केलेलं आहे. टपावरची छपाई गेलेली असेल तर मात्र किंमत जोरात उतरवा.

पत्र्याचे जोड आत मुडपलेल्या कानांनी धरलेले असतात. कानांच्या मुळाशी चकाकती रेघ किंवा पक्कडीचे दात उमटलेले दिसले तर ते आधी उघडलेलं आहे. तो दोष नाही, पण कान दोन-तीनदा वाकला की तुटतो. एकही कान तुटलेला नसणं ही जमेची बाजू.

आता चालवून बघा. एकदम दोन नवे सेल टाकू नका. इंजिन उलटं धरा आणि एकाच सेलपासून दोन वायरी काढून कप्प्यातल्या पट्ट्यांना दोन-तीन सेकंद लावा. मोटर गुणगुणते पण फिरत नाही, तर ग्रीस सुकून लाखेसारखं घट्ट झालेलं आहे. लगेच वायर काढा, कारण अडकलेली मोटर सर्वाधिक करंट ओढते आणि तिचं वाइंडिंग, म्हणजे आतल्या तारेची गुंडाळी, तापतं. मोटर भिरभिरते आणि चाक हलत नाही, तर पिनियन, म्हणजे मोटरच्या दांड्यावरचा लहान गिअर, सैल झालेलं आहे. फेऱ्यागणिक एकदा ‘टक्’ आवाज आला, तर गिअरला तडा आहे: फटीपाशी दोन दात्यांमधलं अंतर वाढतं आणि जोडीदार गिअर तिथे उडी मारतो. काहीच झालं नाही, तर मोटरच्या टोकांना मल्टीमीटर लावा. थोडेच ओहम आले तर मोटर बहुधा ठीक आहे, दोष वायरीत, स्विचमध्ये किंवा पट्टीत. रीडिंगच आलं नाही, तर काळा पडलेला कम्युटेटर (मोटरच्या दांड्यावरचं तांब्याचं कडं) किंवा त्याला टेकून करंट पोचवणारे, झिजलेले ब्रश तपासा. धुराचा हीटर जळला असेल तर आम्ही फार कापत नाही. तेल न घालता चालवल्याने तो पुष्कळ इंजिनांत जळलेलाच असतो.

वय ओळखायला तळाची अक्षरं पुरतात. ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ असेल तर माल दुसऱ्या महायुद्धानंतर जपान दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात होता त्या काळातला. तो ताबा १९५२ च्या एप्रिलमध्ये संपला. ‘टीएम’ आणि ‘मॉडर्न टॉईज’ ही मासुदाया या जपानी खेळणी कंपनीची खूण, ‘टीएन’ नोमुरा या दुसऱ्या कंपनीची. खोक्यावर अमेरिकी पत्त्यात पाच आकडी झिप कोड (तिथला पिनकोड) असेल तर खोकं १९६३ किंवा नंतरचं. बारकोड असेल, तर ५० च्या दशकातला माल म्हणून सांगणाऱ्याचं ऐकू नका. दुकानात पहिला बारकोड १९७४ साली स्कॅन झाला. नव्या नकला बहुधा इथेच पकडल्या जातात.

मूळ खोकं असेल तर वाढीव पैसे द्या, पण आतले पुठ्ठ्याचे आधार मोजून घ्या. चिकटपट्टीने जोडलेलं खोकं वेगळं मोजावं: पट्टी काढताना छापील थरही सोबत निघतो.

प्लास्टिकच्या गाड्यांचा हिशेब निराळा. टोमी या जपानी कंपनीची प्लारेल १९५९ साली हाताने ढकलायची गाडी म्हणून आली, १९६१ पासून बॅटरीवर. तिचे निळे रूळ आजच्या रुळांनाही जुळतात, म्हणून नुसत्या रुळांच्या ढिगाला फार पैसे मोजू नयेत. इंजिन, डबे जोडायचे न तुटलेले कपलिंग हुक आणि सेलचं मूळ झाकण यांवर पैसे लावावेत. हरवलेलं झाकण हा या गाड्यांचा सगळ्यात मोठा रोग आहे. लेगोची १९६६ पासूनची साडेचार व्होल्टची गाडी घेताना बॅटरीचा डबा आधी उघडा, विटा नंतर मोजा.

भाव ठरवताना मागितलेली किंमत धरू नका, लिलावात प्रत्यक्ष सुटलेली धरा, आणि तीही त्याच नमुन्याची, त्याच रंगाची. जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि पत्र्याच्या कडा धारदार असतात, म्हणून लहान मुलाच्या हाती खेळायला देण्यासाठी हे इंजिन घेऊ नये. मांडून ठेवायचं असेल तर त्याच दिवशी सेल काढून ठेवा.