आधी ‘ड्रॅक्युला’ की ‘सेलम्स लॉट’?

रक्तपिपासू पिशाचाची एकच कादंबरी वाचण्याइतकी सवड असेल, तर निवड बहुधा ब्रॅम स्टोकर यांची ‘ड्रॅक्युला’ (१८९७) आणि स्टीफन किंग यांची ‘सेलम्स लॉट’ (१९७५) यांच्यात होते. दोन्ही संथ आहेत. मात्र संथपणाच्या जागा वेगळ्या आहेत आणि निवड त्यावरूनच करावी, असे मला वाटते.

‘ड्रॅक्युला’बद्दल माझे मन अजूनही द्विधा आहे. पहिली चार प्रकरणे, म्हणजे ट्रान्सिल्व्हेनियातील काउंट ड्रॅक्युलाच्या किल्ल्यात अडकलेल्या जोनाथन हार्कर या तरुण वकिलाची रोजनिशी, इतकी घट्ट विणलेली आहेत की या प्रकारात त्यांच्या तोडीचे फारसे काही माझ्या वाचनात नाही. हार्कर दाढी करत असताना काउंट मागे येऊन उभा राहतो, पण आरशात खोली दिसते आणि काउंट दिसत नाही. दचकल्याने वस्तरा लागतो, रक्त पाहताच काउंटचा हात हार्करच्या गळ्याकडे झेपावतो आणि क्रूसाच्या माळेला स्पर्श होताच त्याचा नूर क्षणात पालटतो. मग तो आरसाच खिडकीबाहेर भिरकावतो. यावर हार्करची नोंद अशी, की आता दाढी करायची कशी हा मोठा वैताग आहे. भीतीच्या शेजारी ठेवलेला हा व्यवहारीपणा स्टोकर यांची खरी ताकद आहे.

पुढे मात्र काउंट बहुतांशी पडद्याआड जातो. रोजनिश्या, पत्रे, तारा आणि बातम्या यांतून गोष्ट सांगण्याची युक्ती काउंटला इंग्लंडला आणणाऱ्या ‘डिमीटर’ जहाजाच्या नोंदवहीत अप्रतिम साधली आहे. पण नंतर हार्करची पत्नी मीना सगळी कागदपत्रे टंकलिखित करते, पात्रे ती एकमेकांना वाचायला देतात आणि वाचकाला आधीच ठाऊक असलेले पुन्हा ऐकावे लागते. पिशाचाचा माग काढणारे डच डॉक्टर व्हॅन हेल्सिंग यांची मोडक्या इंग्रजीतील लांबलचक भाषणे तर सहनशक्तीची परीक्षा पाहतात. पिशाचाची शिकार झालेल्या ल्यूसीला, म्हणजे मीनाच्या मैत्रिणीला, एकामागून एक चार पुरुषांचे रक्त चढवले जाते, तेव्हा आजचा वाचक कपाळाला हात लावतो. रक्तगटांचा शोध १९०१चा असल्याने दोष लेखकाचा नव्हे. शेवटी एवढा लांब पाठलाग होतो आणि प्रत्यक्ष निकाल काही ओळींत लागतो, ही रुखरुख मात्र राहतेच.

किंग शाळेत ‘ड्रॅक्युला’ शिकवत असत आणि हा काउंट विसाव्या शतकातील अमेरिकेत आला तर काय होईल, या विचारातून त्यांची कादंबरी सुचली. येथे कंटाळा आरंभी आहे. मेन राज्यातील लहानशा गावाचा दिवस तासातासाने उलगडतो. दूधवाला, खाणावळीसह खोल्या देणारी बाई, कचरा टाकण्याच्या जागेवर उंदीर मारणारा राखणदार अशी नावे इतकी येतात की मागची पाने उलटावी लागतात. पण गावात कोण कोणाशी बोलते आणि कोणाच्या घरी कोणाचा राबता आहे, हे कळलेले असल्यामुळेच अरिष्ट घराघरांत कोणत्या वाटेने शिरणार, हे वाचकाला पात्रांच्या आधी दिसू लागते. रात्री खिडकीबाहेर येऊन आत घ्यायची विनवणी करणारा मुलगा ओळखीचा असतो, म्हणून तो अधिक भयंकर वाटतो. बार्लो हा मूळ पिशाच मात्र काउंटसमोर फिका आणि काहीसा नाटकी आहे.

पहिली पन्नास पाने पकड घेणारी हवी असतील आणि मधला उतार चालणार असेल, तर ‘ड्रॅक्युला’ घ्यावी. तिचे इंग्रजी जुन्या वळणाचे आहे, पण हक्कमुक्त असल्याने ती मूळ इंग्रजीत विनामूल्य मिळते. आरंभी धीर धरून शेवटचा वेग अनुभवायचा असेल, तर किंग यांची निवडावी. नारायण धारप यांची ‘लुचाई’ हे तिचेच मराठी रूपांतर असल्यामुळे ती वाचलेल्यांना कथानक अनपेक्षित वाटणार नाही. त्यांनी स्टोकर यांच्याकडे वळलेले बरे. दोन्ही वाचायच्या असल्यास ‘ड्रॅक्युला’ आधी घ्यावी, कारण किंग यांच्या पात्रांनाही पिशाचांच्या गोष्टी ठाऊक आहेत आणि मार्क पेट्री हा मुलगा खेळण्यातल्या स्मशानावरचा प्लॅस्टिकचा क्रूस उपटून स्वतःला वाचवतो, त्यातली गंमत मूळ माहीत असल्यावरच पुरती कळते.