कोरियातला एफ-६ व्हिसा आणि 'गॅरंटी' देणारा एजंट

कोरियन माणसाशी लग्न ठरलेल्या मराठी मुलामुलींनी आणि त्यांच्या आईवडिलांनी हे वाचावं म्हणून सविस्तर लिहिते आहे. एका एजंटने आमचे ३५ लाख वोन घेतले, म्हणजे आपले दोन लाखांच्या वर. पैसे गेल्याचं दुःख आहेच. पण जास्त संताप याचा येतो की त्याने आम्हाला विकलेल्या निम्म्या गोष्टी सरकारी खिडकीवर फुकट मिळतात आणि उरलेल्या निम्म्या गोष्टींसाठी तुरुंगात जावं लागू शकतं.

मी कोरियातल्या सुवॉन शहरात मास्टर्स करायला आले ते डी-२, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर. इथेच ओळख झाली, लग्न ठरलं. डी-२ची मुदत ऑगस्टअखेर संपणार होती. कोरियन नागरिकाच्या जोडीदाराला एफ-६ व्हिसा मिळतो आणि इथे कायदेशीर राहत असलेल्या विद्यार्थ्याला तो भारतात न जाता इथल्याच इमिग्रेशन कार्यालयात बदलून मागता येतो. अन्सानमधल्या एका ओळखीतून हा एजंट भेटला. हिंदी सफाईदार, मला 'दीदी' म्हणायचा. आपण हेंगजंगसा आहोत, म्हणजे सरकारी कागदपत्रं लोकांच्या वतीने करून देणारे परवानाधारक, असं सांगायचा. भिंतीवर फ्रेममध्ये प्रमाणपत्रही होतं. ते दुसऱ्याच माणसाच्या नावाचं होतं, हे पुढे पोलिसांकडे कळलं.

पहिली लूट लग्नाच्या नोंदणीत झाली. कोरियात हॉलमध्ये कितीही थाटात लग्न लागलं तरी कायद्याने तुम्ही नवराबायको होता ते गू कार्यालयात, म्हणजे शहरातल्या विभागाच्या सरकारी कचेरीत, नोंदणी झाल्यावर. या नोंदणीला फी नाही. दोन सज्ञान साक्षीदारांची माहिती आणि सह्या लागतात, त्यांना सोबत नेण्याचीही गरज नसते. आपल्या बाजूने अविवाहित असल्याचं प्रतिज्ञापत्र लागलं. त्यावर आधी राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून मिळणारा प्रमाणन शिक्का. भारत आणि कोरिया दोन्ही देश अपोस्टिल करारात आहेत, त्यामुळे वेगळी धावपळ नसते. अपोस्टिलची सरकारी फी एका कागदाला ५० रुपये, अधिकृत केंद्राचा सेवाआकार धरून शे-दीडशेच्या आसपास. एजंटने 'अर्जंट एम्बसी क्लिअरन्स' या नावाखाली ६ लाख वोन लावले. कागद मात्र साताऱ्याहून माझ्या बाबांनीच करून कुरिअरने पाठवला होता! कोरियन भाषांतरही नवऱ्याने स्वतः केलं, खाली नाव-सही घातली आणि ते चाललं.

खरा डाव उत्पन्नावर होता. एप्रिल २०१४ पासून एफ-६साठी कोरियन जोडीदाराचं मागच्या वर्षाचं उत्पन्न ठरावीक रकमेच्या वर दाखवावं लागतं. कायदा मंत्रालय ही रक्कम दरवर्षी जाहीर करतं आणि घरात माणसं किती त्याप्रमाणे ती बदलते. नवऱ्याने आदल्या वर्षी नोकरी बदलली होती, मध्ये काही महिने रिकामे गेले होते. करखात्याच्या उत्पन्न दाखल्यावर आकडा कमी पडत होता. एजंटने तो दाखला हातात घेतला, मान हलवली आणि म्हणाला, "दीदी, यावर तर रिजेक्टच होईल. मी एका कंपनीचा पगार दाखवून देतो, त्याचे २० लाख वोन होतील."

चार दिवसांनी त्याने नोकरीचा दाखला पाठवला. खाली कंपनीचा लाल गोल शिक्का, वर नवऱ्याचं नाव, जन्मतारीख, पद 'टीम लीडर'. त्या कंपनीचं नावही नवऱ्याने कधी ऐकलं नव्हतं. त्याने तो वापरायला साफ नकार दिला आणि अगदी बरोबर केलं. इमिग्रेशनला खोटी कागदपत्रं दिली की शिक्षा, दंड आणि देशाबाहेर रवानगी, तिन्हीची शक्यता असते. आणि सापडायला फार वेळ लागत नाही, कारण करखात्याची नोंद वेगळं सांगत असते.

एजंटने जे सांगितलं नाही ते असं. एकाच पत्त्यावर नोंद असलेल्या आईवडिलांचं उत्पन्न जोडीदाराच्या उत्पन्नात धरता येतं. आम्ही सासूबाईंकडेच राहतो, त्या एका हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात नोकरी करतात. त्यांचा दाखला जोडल्यावर तिघांच्या घराची मर्यादा आरामात ओलांडली गेली. हेही कमी पडलं असतं तर सहा महिन्यांहून जुन्या ठेवी, घराचं डिपॉझिट यांतून कर्ज वजा करून उरलेल्या रकमेचे ५ टक्के उत्पन्न म्हणून धरतात. दोघांचं मूल असेल तर उत्पन्नाची अट माफ होते. हे सगळं मला १३४५ या इमिग्रेशनच्या हेल्पलाइनवर एका फोनमध्ये कळलं. तिथे इंग्रजी बोलतात, उर्दूही बोलतात, म्हणजे हिंदीवाल्याची अडचण होत नाही.

हा फोन मी केला तो संशय आला म्हणून. बनावट दाखला नाकारल्यावर एजंट म्हणाला होता, "ठीक आहे, तुमच्या खऱ्या कागदांवर अर्ज टाकलाय," आणि पोचपावतीचा फोटो पाठवला होता. पावतीवरचा क्रमांक हायकोरिया या इमिग्रेशनच्या सरकारी साइटवर टाकला तर काहीच सापडेना. हेल्पलाइनवरच्या बाईंनी माझा नोंदणी क्रमांक तपासून सांगितलं की तुमच्या नावाने कसलाही अर्ज आलेला नाही. ऑगस्टचा दुसरा आठवडा चालू होता. मुदतीआधी अर्ज दाखल असेल तर निकाल लागेपर्यंत राहता येतं, नसेल तर एक सप्टेंबरपासून मी बेकायदा! हायकोरियावर इमिग्रेशन कार्यालयातल्या भेटीच्या तारखा महिनाभर भरलेल्या होत्या. नवरा रात्री-पहाटे साइट उघडून बसायचा, तेव्हा कुणीतरी रद्द केलेली एक वेळ मिळाली. अर्ज आम्ही दोघांनीच भरला. व्हिसा बदलाची फी माझ्या वेळी १ लाख वोन होती.

भारतातून अर्ज करणाऱ्यांना हे लोक आणखी एका ठिकाणी गाठतात, ते म्हणजे भाषेच्या अटीवर. जोडप्याला एकमेकांशी बोलता येतं हे दाखवावं लागतं. टोपिक या कोरियन भाषेच्या परीक्षेची पहिली पातळी किंवा कोरियन शिकवणाऱ्या किंग सेजाँग संस्थेचा प्राथमिक कोर्स त्यासाठी पुरतो. कोरियात सलग वर्षभर राहिलेल्याला हा पुरावा वेगळा द्यावा लागत नाही. तरी माझ्याकडून 'टोपिक सूट पत्रा'चे पैसे घेतले गेले. असं पत्र अस्तित्वातच नाही. भारतीयांना टीबी तपासणीचा दाखला मात्र खरोखर लागतो, तो दूतावासाने नेमलेल्या हॉस्पिटलातूनच घ्या. आणि दूतावासाने एफ-६ नाकारला तर सहसा सहा महिने पुन्हा अर्ज करता येत नाही. म्हणून 'आधी टाकून तर बघू' म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

मध्यस्थामार्फत स्थळ आलं असेल तर मध्यस्थाचा कोरियातला नोंदणी क्रमांक मागा. तिथे परदेशी स्थळं जुळवणाऱ्यांना सरकारी नोंदणी बंधनकारक आहे आणि मुलाची वैवाहिक, आरोग्याची, नोकरीची आणि गुन्ह्यांची माहिती लेखी द्यावी लागते. मुलाने मागच्या पाच वर्षांत दुसऱ्या परदेशी बायकोला बोलावलं असेल तर तुमच्या मुलीला तो बोलावू शकत नाही. हे साखरपुड्याआधी विचारायचं.

पैसे परत मागितले तेव्हा एजंटने काकाओटॉक या चॅट अ‍ॅपवर लिहिलं, "इमिग्रेशनमध्ये माझी ओळख आहे, तुझा व्हिसा होऊ देणार नाही." माझा एफ-६ त्यानंतर झाला. पोलिसांत तक्रार दिली आहे, सोबत बँकेच्या ट्रान्सफरच्या नोंदी, बनावट दाखला, खोटी पोचपावती आणि ही धमकी. पैसे अजून मिळालेले नाहीत. तपास करणाऱ्या अधिकाऱ्याने सांगितलं की त्याच खात्यावर आणखी परदेशी मुलींनी पैसे भरलेले दिसतात. त्यांतली कुणी हे वाचत असेल तर चॅट डिलीट करू नका, खाते क्रमांक दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या आणि जवळच्या पोलीस ठाण्यात जा. भाषेची भीती वाटत असेल तर दानुरी या परदेशी जोडीदार असलेल्या कुटुंबांसाठीच्या कोरियन हेल्पलाइनचा १५७७-१३६६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, तिथे दुभाषी मिळतो.