ह्यूमन हेअर म्हणून सिंथेटिक धागे मिसळलेला मिक्स विग गळ्यात मारला, रंगीत विग घेणाऱ्यांनी आधी हे वाचा

थोडं मोठं लिहिणारे, पण डाय सोडून रंगीत विग घ्यायचा विचार असेल तर पूर्ण वाचा. माझे पैसे गेले ते गेलेच, पण त्याच विकणाऱ्याचे फोटो अजून फिरतायत आणि लोक विचारतायत की घेऊ का, म्हणून राहवलं नाही.

मी विगकडे वळले ते नाइलाजाने. बरीच वर्षं डाय लावत होते, कधी काही झालं नाही, आणि एकदा लावला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर पापण्या सुजून डोळेच उघडेनात, कानामागे पुरळ, कपाळाच्या कडेने नुसतं पाणी येतंय. स्किनच्या डॉक्टरांनी टेस्ट करून सांगितलं की पीपीडीची अ‍ॅलर्जी आहे, म्हणजे पॅराफेनिलीनडायअमाइन, गडद रंगाच्या बऱ्याच पर्मनंट डायमध्ये असतं ते, आणि एकदा अंगाला ते खपेनासं झालं की सहसा कायमचंच, त्यामुळे डाय बंद. डब्यावर लिहिलेली ४८ तास आधीची टेस्ट मी कधी केलीच नव्हती. तुम्ही लावत असाल तर दरवेळी करा, नेहमीचाच ब्रँड आहे म्हणून सोडू नका, माझाही नेहमीचाच होता.

पण रंगाची हौस काही जाईना. मावसबहीण म्हणाली, "ताई, विग घे ना, ब्लीच नको, काही नको, आणि दर महिन्याला मुळं दिसायला लागली म्हणून टचअपही नको." पटलं मला. केस महिन्याला साधारण १ सेंटीमीटर वाढतात, लाल रंगाखालून पांढरं-काळं डोकावायला वेळ लागत नाही, आणि विगमध्ये हा प्रश्नच येत नाही.

एका पेजवर वाइन रंगाचा विग दिसला, खांद्याच्या खाली येणारा, अगदी मला हवा तसा. वर्णन असं: शंभर टक्के व्हर्जिन ह्यूमन हेअर, रेमी, लेस फ्रंट १३ बाय ४, रंग ९९जे. आता या एकेका शब्दाचा अर्थ मला नंतर कळला, तो सांगते म्हणजे तुम्हाला आधीच कळेल. व्हर्जिन म्हणजे ज्या केसांवर कधीच केमिकल लागलं नाही असे केस, मग वाइन रंगाचे व्हर्जिन केस येणार कुठून, कुणाच्या डोक्यावर उगवतात का? तिथंच खोटं उघडं पडत होतं. रेमी म्हणजे सगळ्या केसांची मुळं एका बाजूला आणि टोकं एका बाजूला ठेवलेली, त्यामुळे वरचं खवल्यांसारखं आवरण एकाच दिशेला राहतं आणि गुंता कमी होतो. लेस फ्रंट म्हणजे पुढे कपाळाच्या बाजूला पातळ जाळी, ९९जे हा वाइन रंगाचा नंबर, आणि १३ बाय ४ म्हणजे कानापासून कानापर्यंत १३ इंच आणि कपाळापासून मागे ४ इंच जाळी, म्हणजे भांग त्या जाळीत कुठेही पाडता येतो.

मी विचारलं खरंच माणसाचे केस आहेत का, तर त्याने लगेच एक व्हिडिओ पाठवला, एक केस जाळला, राख झाली, बोटात चुरगळून दाखवली. "मॅम, सिंथेटिक असता तर वितळला असता." ते खरंच आहे आणि म्हणूनच मी फसले. तो केस त्याच विगचा होता हे कोण बघायला गेलंय? पैसे थेट त्याच्या खात्यावर पाठवले, आधी पूर्ण.

पार्सल आलं. हात लावला तर केस इतके गुळगुळीत की हातातून सटकत होते, आणि एक तेलकट, औषधी वास. जाळी टेपने मोजली, मागे जेमतेम १ इंच, बाकी सगळं मशीनने शिवलेल्या पट्ट्या. भांग जिथं शिवलाय तिथंच. माझ्या डोक्याचा घेर ५७ सेंटीमीटर कळवला होता तरी टोपी लहान, अर्ध्या तासात कानशिलं ठणकायला लागली. मी कळवलं तर व्हॉइस मेसेज आला की "मॅम, एकदा शॅम्पूने धुवा, मऊ पडेल, वासही जाईल, टॅग काढून टाका आधी." मी टॅग काढला आणि धुतला.

बादलीत पाणी बघता बघता लाल झालं. दुसरं पाणी लाल, तिसरं गुलाबी, पांढऱ्या टॉवेलवर डाग, माझी बोटं नखांपर्यंत रंगलेली, आणि मला तर डायचीच अ‍ॅलर्जी, कसला रंग आहे काही माहीत नाही, पटकन हात साबणाने धुऊन काढले आणि दोन दिवस जीव टांगणीला. सुदैवाने काही झालं नाही. वाळल्यावर बघते तर एकाच बटेत दोन रंग, काही केस फिक्या तांब्यासारखे आणि काही जसेच्या तसे वाइन. गुळगुळीतपणाही गेला, मानेजवळ गुंताच गुंता, कंगवा जाईना. तो गुळगुळीतपणा म्हणजे वरून दिलेला सिलिकॉनचा थर, काही धुण्यांत उतरतो, आणि खाली हलक्या दर्जाचे केस असले की मग त्याच्या जटा होतात.

तरी वाटलं स्ट्रेटनर फिरवून बघू. १६० डिग्रीवर ठेवला, एका पातळ बटेवर लावला आणि प्लॅस्टिक जळल्याचा वास, प्लेटला काळपट चिकट तार लागली, बटेचं टोक आखडून गेलं. मग मी वेगवेगळ्या जागचे दहा केस उपटले, सिंकवर चिमट्यात धरून एकेक जाळला. चारची राख झाली, पिसं जळल्यासारखा वास. सहा वितळले आणि टोकाला कडक काळा मणी. तेव्हा उलगडा झाला, मिक्स होता तो. माणसाच्या केसांवर वरवर चढवलेला रंग धुतल्यावर निघाला आणि सिंथेटिक धाग्यात रंग बनवतानाच घातलेला असतो म्हणून तो टिकला, त्यामुळे ते दोन रंग.

पैसे परत मागितले तर उत्तर आलं, टॅग काढलाय, धुतलाय, हायजीनमुळे रिटर्न नाही. मी म्हटलं तुम्हीच सांगितलं धुवायला, आणि वर जाऊन बघते तर तो व्हॉइस मेसेज डिलीट केलेला. मग ब्लॉक. बँकेत गेले तर ते म्हणाले पैसे तुम्ही स्वतःहून पाठवलेत, आम्ही काय करणार. त्याने दाखवलेला फोटो इमेज सर्चला टाकला तर तोच फोटो, तीच बाई, चार वेगवेगळ्या पेजवर वेगवेगळ्या नावांनी.

एक सांगते, सिंथेटिक विग वाईट नसतो. आता मी सरळ सिंथेटिक असं लिहिलेलाच घेतलाय, समोर बसून घालून बघून, आणि रंगासाठी मला तो जास्त पटला कारण धुऊन उतरत नाही, फक्त गार पाण्यात धुवायचा, कडक उन्हात फार ठेवायचा नाही, गॅस किंवा ओव्हनच्या वाफेपासून लांब राहायचं आणि त्यावर घरचा डाय चढत नाही हे लक्षात ठेवायचं. राग आहे तो खोटं बोलून ह्यूमन हेअरचे पैसे घेतल्याचा. ऑनलाइन घ्यायचाच असेल तर पार्सल उघडतानाच सलग व्हिडिओ काढा, टॅग काढू नका, धुऊ नका, आधी मधल्या भागातले, मागचे, भांगाजवळचे असे आठ-दहा केस काढून जाळून बघा, आणि विकणाऱ्याचा प्रत्येक मेसेज आल्या आल्या सेव्ह करा, व्हॉइस असेल तर दुसऱ्या फोनवर रेकॉर्ड.

परवा मावसबहिणीच्या मैत्रिणीने मला एक फोटो पाठवला, घेऊ का म्हणून, तोच वाइन विग, तीच बाई. मी तिला म्हटलं त्याला सांग व्हिडिओ कॉलवर ये आणि मी सांगेन त्या जागचा केस माझ्यासमोर उपटून जाळून दाखव. तिने विचारलं. त्याने मेसेज वाचला आणि त्यानंतर आजपर्यंत उत्तर नाही.