टाइमआउट वाढवू की स्विचची सेटिंग बदलू?

दारव्ह्याकडच्या एका शाळेतून भाच्यानं विचारलं, मामा, लॅबमधल्या मशीनवर नेटवर्कवरून डेबियन (लिनक्सची एक सिस्टीम) टाकून राहिलो, काही आपोआप होतात अन् काही "डीएचसीपी फेल" (म्हणजे नेटवर्कवर आयपी पत्ता मिळाला नाही) म्हणून अडकतात, काहून?

बहुतेक वेळा घोळ वेळेचा असते भाऊ. मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणाऱ्या) स्विचवर जुना एसटीपी (लूप, म्हणजे डेटा गोल फिरत राहणं, रोखणारा प्रोटोकॉल) चालू असला की पोर्ट १५ अन् १५ असे ३० सेकंद काही जाऊ देत नाही, अन् इन्स्टॉलर लिंकसाठी थांबते फक्त ३ सेकंद!

टाइमआउट वाढवणं फुकट. लिंक वेट टाइमआउट १० करा, डीएचसीपी टाइमआउट ६०, म्हणजे ते ३० सेकंद यात निघून जातात. पण हे प्रीसीड फाइलीत (इन्स्टॉलरच्या प्रश्नांची उत्तरं आधीच लिहून ठेवलेली फाइल) लिहून काही होत नाही, ती फाइल नेटवर्क आल्यावरच उतरते ना, मंग बूटच्या ओळीतच द्या (मी यात एक अख्खी दुपार घालवली, वरून लाइट गेली ते वेगळंच). अन् मशीन पीएक्सईच्या (नेटवर्कवरून बूट होण्याच्या) काळ्या स्क्रीनवरच मरत असन तर हा उपाय तिथपर्यंत पोचतच नाही.

पोर्टफास्ट, म्हणजे पोर्ट लगेच चालू करणारी स्विचची सेटिंग, पीएक्सई अन् इन्स्टॉलर दोन्हीकडे चालते, कारण कर्नल (लिनक्सचा गाभा) आल्यावर लिंक पडून पुन्हा उठते तेव्हाही थांबावं लागत नाही. खर्च यालाही नाही, पण स्विचचा पासवर्ड पाहिजे, अन् त्या पोर्टात कोणी दुसरा स्विच खोचला तर लूपची भीती. स्वस्तातल्या साध्या स्विचला ही सेटिंगच नसते.

पासवर्ड तुझ्याकडं असन अन् दरवर्षी लॅब फॉरमॅट करायची असन तर पोर्टफास्ट. दुसऱ्याच्या स्विचवर एकदाच पाच मशीन करायच्या तर टाइमआउट, बस.