‘स्टोरेज फुल्ल’: फोटो उडवायचे, ठेवायचे की जागा वाढवायची?

फोनमधली जागा संपल्याचा निरोप नेमका आपण काहीतरी टिपायला फोन वर धरलेला असतानाच येतो. मग आपण घाईघाईने गॅलरी उघडतो आणि हाताला लागेल ते उडवत सुटतो. फोटो उडवायला याहून वाईट मुहूर्त नाही. हा आढावा अशा माणसासाठी आहे, ज्याला हे काम एकदा निवांत बसून मार्गी लावायचंय, पण नेमकं काय करावं ते ठरत नाहीये.

मार्ग तीन. काहीच न उडवता जागा वाढवत राहायचं; एकेक फोटो तपासून साफसफाई करायची; किंवा वरवरचा कचरा काढून बाकीचं आहे तसं ठेवायचं आणि त्यातून मोजके आवडते वेगळे करायचे. मी तिन्ही करून बसलोय.

पहिल्या मार्गाला लोक आळशी म्हणतात, पण तो वाटतो तितका वाईट नाही. ‘एवढ्या फोटोंत काही सापडत नाही’ ही जुनी तक्रार आता अर्धीच खरी आहे, कारण चेहऱ्यावरून, जागेवरून, तारखेवरून फोटो बऱ्यापैकी शोधता येतात. अडचण वेगळीच आहे. क्लाउडवरची जागा म्हणजे भाड्याची खोली. सामान वाढतच जाणार, भाडंही वाढणार, आणि खोली सोडायची म्हटली की अख्खं बिऱ्हाड हलवावं लागणार.

दुसरा मार्ग ऐकायला सगळ्यात शिस्तीचा, पण तो करून बघाच. गॅलरीत 20,000 फोटो आहेत आणि प्रत्येकाला 5 सेकंद दिले, तर 1 लाख सेकंद होतात, म्हणजे जवळजवळ 28 तास. आणि 5 सेकंदांत निर्णय होत नाही. माणूस जुन्या फोटोत रमतो. दोन रविवार घालवून मी एका वर्षाचे जेमतेम चार महिने उरकले होते. बरं, एवढं करून मिळतं काय? साधा फोटो 3 एमबीचा धरला, तर 300 फोटोंवर जीव घट्ट करून बोट ठेवल्यावर 900 एमबी मोकळे होतात. याउलट आयफोनवर 4के, 60 फ्रेम्सने घेतलेला व्हिडिओ मिनिटाला सुमारे 400 एमबी खातो. खिशात चुकून चालू राहिलेला अडीच मिनिटांचा एकच व्हिडिओ काढला, की त्या 300 फोटोंएवढी जागा झाली.

म्हणून माझं मत तिसऱ्या मार्गाला. गॅलरी आकारानुसार लावायची, आधी व्हिडिओ बघायचे, मग स्क्रीनशॉट आणि शेवटी फॉरवर्ड. या तीन ढिगांना हात लावला की बहुतेकांचं काम भागतं. बाकीच्या फोटोंपुढे न्यायाधीश होऊन बसायची गरज नाही. उलट वर्षाकाठी पन्नासेक आवडते फोटो एका अल्बममध्ये टाका. ‘हा उडवू का?’ या प्रश्नापाशी हात अडखळतो. ‘हा हवाच’ हे मात्र लगेच कळतं.

फॉरवर्डच्या ढिगात एक मेख आहे. व्हॉट्सअ‍ॅपचा अख्खा फोल्डर एका झटक्यात रिकामा करण्याचा मोह होतो, पण नातेवाइकांनी पाठवलेले, तुम्ही स्वतः असलेले फोटो तिथेच असतात आणि कित्येकदा तुमच्याकडे दुसरी प्रतच नसते. व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो लहान होऊन येतो. कधी, कुठे काढला ही फाइलमधली माहितीही गळून पडते. एचडी पर्याय निवडला तरी फोटो थोडा दाबून लहान केला जातोच. मूळ फाइल जशीच्या तशी हवी असेल तर ती डॉक्युमेंट म्हणून मागवावी. एकाच फोटोच्या दोन प्रती दिसल्या तर डोळ्यांवर विसंबू नका, फोनच्या पडद्यावर दोन्ही सारख्याच दिसतात. फाइलचा आकार बघा, मोठी असेल ती ठेवा. आयफोनवर आयओएस 16 पासून अशा जोड्या शोधणारा वेगळा अल्बम आहे, त्या तिथल्या तिथे एकत्र करता येतात.

सलग काढलेल्या फोटोंचं काय? सल्ला सगळे एकच देतात: सगळ्यात चांगला ठेवा, बाकीचे उडवा. मीही तसंच करायचो. आजोबांचे असे 11 फोटो होते. एकात ते सरळ कॅमेऱ्याकडे बघून हसताहेत, फोटो स्वच्छ, उजेड छान. तो ठेवला आणि बाकीचे दहा उडवणार, तेवढ्यात सातव्यावर थांबलो. त्यात ते कुणाशी तरी बोलता बोलता शर्टाच्या टोकाने चष्मा पुसताहेत. हात हललेला, चेहरा अर्धा वळलेला. पण आजोबा म्हणजे तोच हात. हसरा फोटो त्यांच्यासारखा दिसतो, हललेला फोटो म्हणजे ते स्वतः. तेव्हापासून माणसांच्या मालिकेतले दोन ठेवतो: एक नीट आलेला, एक खरा वाटणारा.

निसर्गाच्या फोटोंना ही सवलत नाही. सूर्यास्त, ढग, विमानाच्या खिडकीतून दिसणारा पंख हे सगळं खुशाल उडवा. पुढचा सूर्यास्त याच्यासारखाच येणार आहे. जुनी खोली, टेबलावरचा पसारा, कुणाच्या हस्ताक्षरातली चिठ्ठी असे आज कंटाळवाणे वाटणारे फोटो मात्र राहू द्या.

ओळखपत्रं, बँकेची कागदपत्रं, पासवर्ड लिहिलेले कागद यांचे फोटो गॅलरीत नकोतच. सुरक्षित जागी हलवा आणि तिथून काढा.

आता प्रत कुठे ठेवायची. इथे सगळ्यात मोठा घोटाळा सिंक आणि बॅकअप या दोन शब्दांचा आहे. बॅकअप म्हणजे मूळ फोटो उडवला तरी वेगळी राहणारी प्रत; सिंक म्हणजे सगळीकडे एकच चित्र. अ‍ॅपलचं आयक्लाउड फोटोज हे सिंक आहे: फोनवर उडवलं की क्लाउडवरून आणि त्याच खात्याच्या बाकीच्या उपकरणांवरूनही जातं. 30 दिवस ते ‘नुकतेच डिलीट केलेले’मध्ये पडून असतं, मग कायमचं जातं. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो ट्रॅशमध्ये 60 दिवस राहतो, न झालेला 30 दिवस. तिथलं ‘जागा मोकळी करा’ हे बटण फक्त फोनवरची प्रत काढतं, साधं डिलीट दोन्हीकडून काढतं. माझ्या मावशीने अशाच एका सेवेत ‘क्लाउडवर आहेतच की’ म्हणत फोनमधून दोन वर्षांचे फोटो काढले. लक्षात येईपर्यंत ट्रॅशही रिकामा झाला होता. जे परत मिळाले ते तिने वेळोवेळी मला पाठवलेले, लहान झालेले.

फुकट जागेची गंमतही माहीत असू द्या. गूगलचे 15 जीबी फोटो, जीमेल आणि ड्राइव्ह मिळून आहेत. 1 जून 2021 पर्यंत किंचित दाबलेले फोटो त्यात मोजलेच जात नव्हते, आता मोजतात. आयक्लाउडवर फुकट फक्त 5 जीबी. गूगलचा ‘स्टोरेज सेव्हर’ फोटो 16 मेगापिक्सेलपर्यंत आणि व्हिडिओ 1080पीपर्यंत खाली आणतो. रोजच्या फोटोंना चालेल. मोठं छापून भिंतीवर लावायचं असेल तर मूळ दर्जाच ठेवा.

हार्ड डिस्कला मासिक भाडं नाही आणि आपला माल आपल्या हातात. पण फिरती तबकडी असलेली डिस्क एकदा पडली की संपली. एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली चिपवरची डिस्क, पडझड सोसते, मात्र वर्षानुवर्षं वीज न देता कपाटात ठेवायची ती वस्तू नाही. पेन ड्राइव्ह फक्त ने-आण करायला. आणि डिस्क लॅपटॉपच्याच बॅगेत ठेवलीत, तर बॅग गेल्यावर दोन्ही गेले.

मग क्लाउड की डिस्क? एकच निवडायची सक्ती असेल तर मी क्लाउड घेईन, कारण ते आपोआप होतं, आणि डिस्क जोडायचं आपण विसरतो. पण एकट्या क्लाउडवर माझा भरवसा नाही. गूगलचं फोटो ठेवायचं पिकासा 2016 मध्ये बंद झालं. फ्लिकर या फोटोंच्या संकेतस्थळाने 2019 मध्ये फुकट खात्याला 1000 फोटोंची मर्यादा घातली. मायस्पेस या जुन्या सोशल नेटवर्कने त्याच वर्षी सांगितलं, की सर्व्हर हलवताना तीन वर्षांपेक्षा जुने फोटो, व्हिडिओ आणि गाणी गेली. छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी रुजवलेला 3-2-1 नियम यासाठीच आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी. फोन, क्लाउड आणि डिस्क हे तिघं मिळून तो पाळतात.

एवढं सगळ्या फोटोंसाठी जमत नसेल तर निदान त्या आवडत्यांच्या अल्बमसाठी करा. वर्षाचे पन्नास धरले तर दहा वर्षांचे 500 फोटो, म्हणजे दीडेक जीबी. ते कुठेही मावतात, भावंडाकडेही एक प्रत देता येते. खातं तुमच्या एकट्याच्या नावावर असेल, तर अ‍ॅपलचा ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ किंवा गूगलचा ‘इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ आजच लावून ठेवा, म्हणजे तुमच्या पश्चात किंवा खातं बराच काळ पडून राहिल्यास तुम्ही ठरवलेल्या माणसाला त्यातले फोटो मिळू शकतील. दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गूगल काढून टाकू शकतं.

राहिला क्रम. आधी प्रत करा. मग डिस्कवरच्या पाचसहा फाइली, त्यातला एक लांबलचक व्हिडिओ धरून, प्रत्यक्ष उघडून बघा. नुसती नावं दिसणं पुरेसं नाही, अर्धवट कॉपी झालेल्या फाइलचंही नाव दिसतंच. डिलीटला हात लावायचा तो त्यानंतर.