'लक अँड स्ट्रेंज': गिल्मोरला कुणीतरी अडवलं, हे बरं झालं

'पिंक फ्लॉइड' या ब्रिटिश रॉक बँडचा गिटारवादक-गायक डेव्हिड गिल्मोर याच्या एकल अल्बममध्ये काय असणार, हे साधारण आधीच ठाऊक असतं. संथ लय, मागे कीबोर्डचा भरलेला स्वर, गाणं संपत आलं की गिटारचा लांबलचक सोलो (एकट्या वाद्याचा तुकडा) आणि तो सोलो हळूहळू विरत जाणं. ६ सप्टेंबर २०२४ला आलेल्या 'लक अँड स्ट्रेंज'मध्येही हे सगळं आहे. फरक इतकाच, की यावेळी प्रत्येक सवयीला कुणीतरी जाब विचारलेला जाणवतो.

विचारणारा म्हणजे सहनिर्माता चार्ली अँड्र्यू. 'ऑल्ट-जे' या बँडच्या कामामुळे ओळखला जाणारा हा माणूस पिंक फ्लॉइडच्या दबदब्याखाली नव्हता. इथे सोलो कशाला, गाणं फेडच (हळूहळू विरतच) का व्हायला हवं, असं त्याने तोंडावर विचारलं, हे खुद्द गिल्मोरने मुलाखतींत सांगितलंय. आधीच्या 'रॅटल दॅट लॉक'ला (२०१५) सहनिर्माता होता जुना दोस्त फिल मँझनेरा. दोन्ही अल्बम पाठोपाठ ऐकले, तर मित्र आणि परका यांच्यातला फरक कानांना कळतो.

शीर्षकगीताची कहाणी ठाऊक असली तर ते दुप्पट रंगतं. जानेवारी २००७मध्ये गिल्मोरच्या घरच्या कोठारात तो, पिंक फ्लॉइडचा कीबोर्डवादक रिक राइट, बेसवर गाय प्रॅट आणि ड्रम्सवर स्टीव्ह डिस्टॅनिस्लाओ असे चौघं सहज वाजवत बसले होते. पुढच्या वर्षी राइट गेला. त्या ध्वनिमुद्रणावरच हे गाणं उभं आहे. राइटचं इलेक्ट्रिक पियानो वाजवणं म्हणजे जागा सोडण्याची कला. गिटारचं वाक्य संपलं की दोन-तीन स्वर टाकायचे आणि पुन्हा गप्प. मूळ जॅम, म्हणजे ते सहज केलेलं वादन, जवळजवळ १४ मिनिटांचा आहे आणि जादा ट्रॅक म्हणून दिलेला आहे. आधी तो ऐका, मग गाणं. कुठली ओळ उचलली, कुठे नवा भाग जोडला, हे स्पष्ट कळतं. नवा भाग मात्र मूळ ब्लूजच्या मानाने जरा जास्तच गुळगुळीत झालाय.

अल्बममधलं सगळ्यात चांगलं गाणं गिल्मोर गातच नाही. 'बिटवीन टू पॉइंट्स' हे 'द माँगोल्फिए ब्रदर्स'चं १९९९चं गाणं. इथे ते त्याची मुलगी रोमनी गाते आणि हार्पही तीच वाजवते. गाणं सतत माघार घेणाऱ्या माणसाचं आहे. अशा शब्दांवर भावना ओतायचा मोह कुणालाही होईल. ती तो टाळते. सूर जवळजवळ सपाट ठेवते, शब्दांचे शेवट लांबवत नाही. त्यामुळे शेवटी बापाची गिटार येते तेव्हा त्या गिटारीला बोलायला खरोखर काही उरलेलं असतं. तार खेचून पुढच्या सुरापर्यंत न्यायची, तिथे क्षणभर थांबायचं आणि मगच कंप द्यायचा, ही त्याची जुनी खुबी. बहुतेक नक्कल करणारे इथेच फसतात, कारण ते सुरावर पोचण्याआधीच कंप सुरू करतात.

आवाजाचं म्हणाल, तर ७८व्या वर्षी वरची पट्टी खरखरते. चाली बऱ्याच ठिकाणी खालच्या ठेवल्यात, ते शहाणपणाचं. त्याची बायको आणि गीतकार पॉली सॅमसनचे शब्द वय आणि मरण यांच्याभोवतीच फिरतात, त्यामुळे खरखर खटकत नाही. 'अ सिंगल स्पार्क'मध्ये तर ती हवीशी वाटते. 'डार्क अँड व्हेल्वेट नाइट्स'मध्ये रिफ (गिटारची पुन्हा पुन्हा येणारी ओळ) दणकट आहे, ऑर्गन मस्त गुरगुरतो. 'सिंग्स' मात्र घरगुती गोडव्यात अडकून पडतं आणि 'द पायपर्स कॉल'चा शेवटचा सोलो ओळखीच्या वाटेनेच जातो. तिथेही कुणी अडवायला हवं होतं.

शेवटचं 'स्कॅटर्ड' साडेसात मिनिटांचं. विल गार्डनरची तंतुवाद्यं चढत जातात, आधी अकूस्टिक गिटार बोलते, मग इलेक्ट्रिक. हे त्याच्या जुन्या स्ट्रॅटवर (फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटारवर) वाजलं का, वगैरे चर्चा करणाऱ्यांसाठी: ती प्रसिद्ध काळी स्ट्रॅट गिल्मोरने २०१९मध्येच ख्रिस्टीजच्या लिलावात विकली, ३९,७५,००० डॉलर्सना. सूर गिटारीत असतो की बोटांत, हा वाद इथे मिटायला हरकत नाही.

ऐकताना शफल बंद ठेवा. 'ब्लॅक कॅट' आणि 'व्हिटा ब्रेव्हिस' हे छोटे तुकडे सुटे ऐकले तर अर्धवट वाटतात. दुसरा तर एक मिनिटाचाही नाही आणि त्याचं काम फक्त रोमनीच्या गाण्याचं दार उघडण्याचं. फोनच्या स्पीकरवर बेस जातो आणि सोबत अर्धा अल्बम जातो. साधे वायरवाले हेडफोनही चालतील, पण आवाज थोडा चढा ठेवा, कारण शांत जागा खूप आहेत.

विकत घेणार असाल तर सीडी घ्या. विनाइलवर मूळ नऊच ट्रॅक आहेत, जेमतेम पाऊण तासाचे. कोठारातला जॅम आणि २०२०चं 'येस, आय हॅव घोस्ट्स' सीडीवर मिळतं. ब्लू-रेवर डॉल्बी अ‍ॅटमॉस (चहूबाजूंनी आवाज येणारा) मिक्सही आहे, पण घरात तशी स्पीकरची मांडणी नसेल तर त्यासाठी जादा पैसे घालू नका.